छताच्या पाठीवरचा राडारोडा : असिसी येथील सेंट फ्रान्सिस बॅसिलिकाचा प्रकरण अभ्यास

प्रकरणाचे स्वरूप

२६ सप्टेंबर १९९७ रोजी मध्य इटलीतील उम्ब्रिया आणि मार्के या प्रांतांच्या सीमेवर झालेल्या भूकंपात असिसी येथील सेंट फ्रान्सिस बॅसिलिकाच्या वरच्या चर्चचे कमानी छत दोन ठिकाणी कोसळले. त्याखाली सापडून चार माणसे मृत्युमुखी पडली आणि तेराव्या शतकातील भित्तिचित्रांचा काही भाग जमिनीवर येऊन त्याचे सुमारे तीन लाख तुकडे झाले. या घटनेबद्दल आजवर जे लिहिले गेले त्याचा बहुतेक भर चित्रांवर आणि ती परत जोडणाऱ्यांच्या चिकाटीवर आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. प्रस्तुत लेखात मात्र हे प्रकरण छताच्या वरच्या, कोणालाही न दिसणाऱ्या बाजूने पाहिले आहे, कारण पडझडीचे कारण तिथे होते आणि दुरुस्तीतले सर्वांत अवघड निर्णयही तिथेच घ्यावे लागले.

त्या सकाळी चर्चच्या आत असलेल्या व्यक्तींची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. त्यांचा उल्लेख त्यांच्या कामावरून केला आहे. पुढील दुरुस्तीची जबाबदारी ज्यांनी जाहीरपणे सांभाळली त्या तज्ज्ञांची नावे तेवढी ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

गरिबीचे व्रत घेणाऱ्या फ्रान्सिस्कन साधुसंघाचे (त्यातील साधूंना बंधू म्हणतात) संस्थापक संत फ्रान्सिस यांचे निधन ३ ऑक्टोबर १२२६ रोजी झाले. पोप नववे ग्रेगरी यांनी १६ जुलै १२२८ रोजी त्यांना संतपद दिले आणि दुसऱ्याच दिवशी असिसीच्या पश्चिम टोकाच्या उतारावर चर्चची पायाभरणी केली. त्या उताराला पूर्वी नरकाची टेकडी म्हणत. चर्च उभे राहिल्यावर ती स्वर्गाची टेकडी झाली. बांधकामाची देखरेख बंधू एलिया यांच्याकडे होती. १२३० मध्ये संतांचे पार्थिव येथे आणून खालच्या चर्चच्या वेदीखाली इतक्या बंदोबस्तात पुरण्यात आले की ते पुन्हा सापडायला १८१८ साल उजाडावे लागले. १२५३ मध्ये पोप चौथे इनोसंट यांच्या हस्ते चर्चचे विधिवत समर्पण झाले.

ही वास्तू म्हणजे एकावर एक रचलेली दोन चर्चे आहेत. खालचे चर्च बुटके, जाड भिंतींचे आणि अंधारे असून त्याच्या कमानी रोमनेस्क पद्धतीच्या, रुंद आणि गोलसर आहेत. वरचे चर्च उंच आणि उजेडाचे आहे. त्यात बाजूची दालने नाहीत. एकच सलग मुख्य दालन, त्याला छेदणारे आडवे दालन आणि शेवटी बहुकोनी गाभारा, असा त्याचा आराखडा आहे. प्रवचन सर्वांना ऐकू जावे आणि भिंतींवर चित्रकथेसाठी सलग जागा मिळावी या दोन्ही गरजा त्याने भागतात, आणि पुढे इटलीतील अनेक फ्रान्सिस्कन चर्चांनी तो उचलला. उतारावरची जागा असल्यामुळे गाभारा पश्चिमेकडे आणि दर्शनी भिंत पूर्वेकडे आली, म्हणजे युरोपातील प्रथेच्या नेमके उलट.

मुख्य दालन चार खणांचे आहे. प्रत्येक खणावर कमानींच्या फासळ्या कर्णरेषेत एकमेकींना छेदतात आणि त्यांच्या मधल्या जागेत विटांची चार त्रिकोणी पाखी बसवलेली आहेत. छताचा भार फासळ्यांतून खाली उतरतो आणि भिंतींना बाहेर ढकलतो. तो रेटा पेलण्यासाठी बाहेरच्या बाजूला गोल बुरुजांसारखे आधार उभे आहेत. या सगळ्या पृष्ठभागावर चित्रे आहेत. गाभाऱ्यात आणि आडव्या दालनात प्रामुख्याने तेराव्या शतकातील इटालियन चित्रकार चिमाबुए यांचे काम आहे, आणि दोन्ही दालने जिथे छेदतात तिथल्या चार पाख्यांवर त्यांनी चार शुभवर्तमानकार, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधील चार ग्रंथांचे कर्ते, रंगवले. प्रत्येकासमोर तो ज्या प्रदेशात धर्मप्रसारासाठी गेला असे मानतात तिथले नगर आहे: मॅथ्यूसमोर जुदिया, मार्कसमोर इटली, ल्यूकसमोर ग्रीस आणि जॉनसमोर आशिया. दालनाच्या खालच्या पट्ट्यात संत फ्रान्सिस यांच्या चरित्रातील २८ प्रसंग आहेत. परंपरेने ते जॉत्तो यांचे मानले जातात, अभ्यासकांत मात्र त्यावर जुना वाद आहे. प्रवेशद्वाराजवळच्या खणाच्या छतावर चर्चचे चार आचार्य रंगवलेले होते, आणि त्यांतील एक संत जेरोम.

इथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. ज्या साधूने बंधूंना स्वतःच्या मालकीचे छप्परही नसावे असे सांगितले, त्याच्या समाधीवर हे भव्य बांधकाम झाले आणि त्याबद्दल त्याच्याच अनुयायांत कुरबुर झाली. १२६० मध्ये नार्बोन येथे भरलेल्या फ्रान्सिस्कन संघाच्या सर्वसाधारण सभेने तर नियमच केला की, मुख्य वेदीवरचा भाग सोडून फ्रान्सिस्कन चर्चांना कमानी छत घालू नये. असिसीचे चर्च पोपच्या थेट अखत्यारीतले असल्यामुळे त्याला हा नियम लागला नाही. जुन्या गोव्यात याच संताच्या नावाचे चर्च आहे. १५१७ मध्ये गोव्यात आलेल्या फ्रान्सिस्कन बंधूंनी उभारलेल्या पहिल्या वास्तूचा दरवाजा तिथल्या १६६१ च्या इमारतीत अजून दिसतो, आणि लगतच्या मठात आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. साधेपणाचे व्रत आणि दिमाखदार वास्तू यांची ओढाताण तिथेही नजरेत भरते.

समस्या कशी उद्भवली

२६ सप्टेंबरच्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी पहिला मोठा धक्का बसला. त्याची तीव्रता ५.७ होती आणि केंद्र असिसीच्या आग्नेयेस कोल्फियोरितोच्या परिसरात होते. वरच्या चर्चमध्ये छताला भेगा गेल्या आणि रंगीत गिलाव्याचे तुकडे खाली पडले. संत फ्रान्सिस यांचा सण ४ ऑक्टोबरला, म्हणजे जेमतेम आठवड्यावर आला होता. सकाळी मठातील बंधू, सांस्कृतिक वारसा खात्याचे तंत्रज्ञ आणि काही पत्रकार नुकसानीची पाहणी करण्यासाठी आत गेले.

११ वाजून ४० मिनिटांनी दुसरा धक्का बसला. तो पहिल्यापेक्षा मोठा, ६.० तीव्रतेचा होता. प्रवेशद्वाराजवळच्या खणातील संत जेरोम यांचे पाखे आणि त्यालगतच्या कमानीवरील संतांची चित्रे खाली आली. दुसऱ्या टोकाला, वेदीच्या वर, चिमाबुए यांचे संत मॅथ्यू आणि शेजारचे निळ्या पार्श्वभूमीवर तारे रंगवलेले पाखे कोसळले. दोन फ्रान्सिस्कन बंधू आणि खात्याचे दोन तंत्रज्ञ असे चौघे जागीच ठार झाले. आत चित्रीकरण चालू असल्यामुळे छत पडतानाचा क्षण कॅमेऱ्यात टिपला गेला. एखादे मध्ययुगीन कमानी छत भूकंपात कसे सुटते याची इतकी थेट नोंद त्याआधी क्वचितच कोणाच्या हाती आली असेल, आणि पुढे अभियंत्यांनी तिचा अभ्यासासाठी उपयोग केला.

बाहेर आडव्या दालनाच्या दक्षिण टोकाच्या भिंतीचा त्रिकोणी माथा अर्धवट ढासळला होता आणि उरलेला भाग कधीही खालच्या छपरांवर येईल अशा अवस्थेत होता. आतले न पडलेले छत जागोजागी भेगाळून मूळ आकारातून ढळले होते. धक्के थांबले नव्हते. ऑक्टोबरभर ते येतच राहिले. थोडक्यात, जे उरले होते ते वाचवायचे असेल तर ताबडतोब काम करायला हवे होते, आणि ज्या जागी काम करायचे तिथे माणूस पाठवणे धोक्याचे होते.

कारणमीमांसा

छताची वरची बाजू भाविकाला कधी दिसत नाही. चित्रांच्या पाठीमागे, छपराखाली, एक अंधारा पोकळ माळा आहे. फासळ्या जिथे भिंतीतून बाहेर निघून वर वळतात, तिथे छताचा उतार आणि बाजूची भिंत यांच्यामध्ये खोल घळी तयार होतात. या घळींत बांधकामाच्या वेळी थोडी भर घालणे शास्त्रशुद्धच असते, कारण तिच्या वजनाने कमानीचा पाय जागेवर दाबून राहतो. असिसीत मात्र शतकानुशतके छपराची दुरुस्ती करताना फुटलेली कौले, विटांचे तुकडे, जुना चुना आणि माती खाली उतरवण्याऐवजी याच घळींत लोटली गेली. कोकणात शाकारणीच्या वेळी फुटकी कौले माळ्याच्या कोपऱ्यात सारून ठेवतात तसाच हा प्रकार होता, फक्त इथे माळ्याखाली चिमाबुए होते. हा भराव पुढे बाहेर काढला तेव्हा त्याचे वजन हजार टनांच्या पुढे गेले.

दुरुस्तीच्या रचनात्मक बाजूची जबाबदारी असलेले रोम विद्यापीठातील अभियंते जोर्जिओ क्रोची यांनी या भरावाला पडझडीचे प्रमुख कारण ठरवले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की, सुट्या राडारोड्याला स्वतःची पकड नसते. भूकंपात उंच भिंती डोलू लागल्या की छत किंचित फाकते, भराव घसरून त्या नव्या जागेत बसतो, आणि भिंत परत येऊ लागली की तोच भराव छताला मूळ आकारात येऊ देत नाही. प्रत्येक हेलकाव्याबरोबर थोडी वक्रता कायमची निघून जाते. कमानीची ताकद तिच्या वक्रतेत असते. वक्रता गेली की तिच्या विटा एकमेकींना दाबून धरेनाशा होतात आणि पाखे फासळ्यांसकट निखळते. पडझड छताच्या दोन टोकांना झाली त्यालाही अर्थ आहे. दर्शनी भिंत आणि आडवे दालन हे भाग ताठ आहेत, मधले दालन त्यामानाने लवचीक आहे. डोलणारा भाग ताठ भागाला जिथे भिडतो तिथे ताण वाढतो.

हेच छत आधीच्या भूकंपांत का पडले नाही, हा प्रश्न साहजिक आहे. १८३२ च्या भूकंपात असिसीच्या पायथ्याशी असलेल्या सांता मारिया देल्यी आंजेली या मोठ्या चर्चची अतोनात पडझड झाली, वरच्या चर्चचे छत मात्र टिकले. पण टिकणे म्हणजे शाबूत राहणे नसते. प्रत्येक भूकंपाने छतात थोडे विरूपण मागे ठेवले आणि प्रत्येक दुरुस्तीने भरावात थोडी भर घातली. १९९७ मध्ये या दोन्हींची बेरीज सोसण्यापलीकडे गेली. विसाव्या शतकाच्या मध्यास छपराच्या जुन्या लाकडी कामाच्या जागी काँक्रीटच्या तुळया बसवण्यात आल्या होत्या. त्या वेळी माळा उघडा होता, कामगार आणि साहित्य वर होते, आणि तरीही भराव तिथेच राहिला. या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत स्वस्तात सुधारता आली असती अशी चूक मला हीच वाटते.

विचारात घेतलेले पर्याय आणि प्रत्यक्ष कृती

पहिला तातडीचा प्रश्न दक्षिणेकडच्या त्रिकोणी भिंतीचा होता. ती आपोआप पडू देणे, वरून एकेक दगड उतरवून घेणे किंवा आहे तिथेच धरून ठेवणे, असे मार्ग होते. पडू दिल्यास खालची छपरे फुटली असती; उतरवून घ्यायची तर भिंतीवर किंवा तिच्या खाली माणसे उभी करावी लागली असती. म्हणून तिसरा मार्ग निवडला. मठाच्या आवारात मोठी क्रेन उभी करून, जमिनीवर आधीच जोडून ठेवलेला पोलादी सांगाडा वरून अलगद भिंतीवर टेकवण्यात आला आणि पडझडीने झालेल्या पोकळीत पॉलियुरेथेनचा फोम भरण्यात आला. सातशे वर्षांच्या दगडी कामात फोम भरणे ऐकायला विचित्र वाटते, पण तो हलका असतो, लवकर घट्ट होतो आणि पुढे कापून काढता येतो. तात्पुरत्या आधाराकडून याहून अधिक अपेक्षा नसते.

छताचा प्रश्न अधिक बिकट होता. नेहमीच्या पद्धतीने खालून परांची बांधून छत टेकवायचे, तर परांची बांधणारे कामगार नेमके धोक्याच्या छताखाली आले असते, आणि चौघांच्या मृत्यूनंतर हा पर्याय कोणी मांडणेही शक्य नव्हते. वरून भराव काढायचा, तर छतावर पाय ठेवणे निषिद्ध होते. शेवटी छपराच्या तुळयांना टांगलेल्या फळ्यांवरून, दोरांच्या आधाराने लोंबकळत कामगारांनी भराव उपसायला सुरुवात केली. एका बाजूचे वजन एकदम कमी झाले तर दुसरी बाजू छताला ढकलेल, म्हणून दोन्ही अंगांनी थोडा थोडा भराव काढत जावे लागले. मोठ्या भेगांत क्षार नसलेला मसाला भरण्यात आला, कारण साध्या मसाल्यातील क्षार ओलाव्याबरोबर खाली झिरपून रंगांना फोड आणतात. छत छपराला टांगून धरण्यासाठी जे गज लावले त्यांच्या डोक्याशी स्प्रिंग बसवल्या, म्हणजे उष्णतेने किंवा वाऱ्याने छप्पर हलले तरी तो हिसका छताला बसू नये.

कायमच्या बळकटीकरणाच्या वेळी मतभेदाला जागा होती. त्या काळी इटलीत जुन्या छतांच्या पाठीवर सळ्यांसह काँक्रीटचा थर देण्याची पद्धत सर्रास होती. ती झटपट होते आणि आकडेमोडीला सोपी असते. पण तिने वजन वाढते, जुन्या विटांची हालचाल कोंडली जाते, सिमेंटमधील क्षार चित्रांपर्यंत पोहोचू शकतात आणि एकदा घातलेला थर छत न फोडता काढता येत नाही. पोलादी फासळ्यांचा पर्याय वजनाने हलका, पण वाकड्यातिकड्या झालेल्या छताला त्या तंतोतंत बसल्या नसत्या. शेवटी छताच्या पाठीवर लाकडाचा गाभा आणि अरामिड या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्यांचे राळेत मुरवलेले आवरण असलेल्या पातळ फासळ्या जागेवरच घडवण्यात आल्या. छताचा जो विरूप आकार झाला होता तोच गृहीत धरून, त्याला चिकटून त्या वळवल्या. छत पुन्हा मूळ आकारात खेचण्याचा मोह टाळला हा निर्णय मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण विरूपण सरळ करू पाहणाऱ्या प्रयत्नाने उरलेल्या चित्रांना नव्या भेगा पडल्या असत्या.

आडव्या दालनाच्या त्रिकोणी भिंती छपराला जोडताना निकेल आणि टायटॅनियमच्या, ताणल्यावर पूर्ववत होणाऱ्या मिश्रधातूची साधने वापरली. भूकंपात भिंतीला थोडी हालचाल करू देऊन ती परत जागेवर आणणे, हे त्यांचे काम. दालनाच्या भिंतींलगत पोलादी तुळईचा पट्टा फिरवला आणि त्याचे भाग अशा जोडण्यांनी सांधले की रोजच्या संथ हालचालींना त्या मोकळ्या राहतात आणि भूकंपाच्या झटक्याला ताठ होतात. कोसळलेली पाखी जुन्या, ढिगाऱ्यातून वाचलेल्या विटा शक्य तिथे वापरून पुन्हा बांधली गेली.

चित्रांचे काय करायचे, हा निर्णय यापेक्षा संथपणे झाला. चित्रांच्या दुरुस्तीची सूत्रे इटलीच्या मध्यवर्ती पुनरुज्जीवन संस्थेचे जुझेप्पे बासिले यांच्याकडे होती आणि सगळ्या प्रकल्पावर सरकारने माजी सांस्कृतिक मंत्री आंतोनिओ पाओलुच्ची यांना विशेष आयुक्त म्हणून नेमले होते. तत्त्वतः तीन मार्ग होते: पाखी कोरी ठेवायची, जुन्या छायाचित्रांवरून हुबेहूब नक्कल रंगवायची, किंवा तुकडे जोडून जेवढे सापडेल तेवढेच परत लावायचे. नक्कल रंगवणे इटलीतील पुनरुज्जीवनाच्या विचारपरंपरेला मानवणारे नव्हते. १९३९ मध्ये ही संस्था उभी करताना चेझारे ब्रांदी यांनी जी शिस्त घालून दिली तिच्यानुसार दुरुस्त भाग जवळून पाहणाऱ्याला वेगळा ओळखू यायलाच हवा. तिसरा मार्ग ठरला.

ढिगारा हाताने निवडण्यात आला, आणि त्यात संस्थेच्या तज्ज्ञांबरोबर बरेच स्वयंसेवकही होते. नखाएवढ्या तुकड्याच्याही पाठीकडचा गिलावा, रंगाचा थर आणि ब्रशाच्या फटकाऱ्याची दिशा पाहून तो कोणत्या चित्राचा ते ठरवले जाई. मग मूळ आकारात छापलेले छायाचित्र टेबलावर अंथरून त्यावर तुकडा फिरवत त्याची जागा शोधायची, असे ते काम होते. कमानीवरचे संत आणि जेरोम यांच्या बाबतीत चांगली रंगीत छायाचित्रे हाताशी होती आणि रंग अजून बोलके होते. चिमाबुए यांच्या चित्रांत शिशाचा पांढरा रंग शतकांपूर्वीच काळवंडला होता, म्हणजे उजेडाच्या जागा गडद झालेल्या. मॅथ्यूच्या पाख्याचे सुमारे १ लाख २० हजार तुकडे एकमेकांपासून डोळ्यांनी वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते. तिथे तुकड्यांच्या संगणकीय प्रतिमा घेऊन त्या जुन्या छायाचित्राशी ताडून पाहण्याची पद्धत वापरावी लागली.

निष्पत्ती

वरचे चर्च २८ नोव्हेंबर १९९९ रोजी, भूकंपानंतर दोन वर्षे आणि दोन महिन्यांनी, पुन्हा उघडले. २००० हे रोमन कॅथलिक पंथाचे महोत्सवी वर्ष होते आणि लाखो यात्रेकरू इटलीत येणार होते. ही मुदत प्रकल्पावर सुरुवातीपासून लटकत होती. मुदत पाळताना रचनात्मक काम पूर्ण झाले, पडलेल्या पाख्यांच्या जागी मात्र कोऱ्या पाख्यांखालीच उपासना सुरू झाली. त्या वेळी यावर टीका झाली. पण घाईने चित्रे चढवण्यापेक्षा कोरी जागा दाखवणे प्रामाणिकपणाचे होते, असे माझे मत आहे. पुढच्या काही वर्षांत कमानीवरचे संत आणि जेरोम परत आले, आणि एप्रिल २००६ मध्ये मॅथ्यूचे पाखे, जेवढे जुळले तेवढे, जागेवर बसवण्यात आले. हरवलेल्या जागा रंगवून भरलेल्या नाहीत. फक्त डोळ्यांना टोचणार नाहीत अशा मंद छटेत ठेवल्या आहेत.

जेरोमच्या बाबतीत हा निर्णय निर्विवाद योग्य ठरला, खाली उभ्या माणसाला आकृती कळते. मॅथ्यूच्या बाबतीत मात्र तो घासून झाला असे म्हणावे लागेल. इतक्या उंचीवर, विखुरलेल्या रंगीत बेटांतून चित्र वाचणे जाणकारालाही जड जाते. तरी शेजारची तीन पाखी अजून जागेवर आहेत, आणि चौथ्याच्या खुणा त्यांच्याबरोबर राहिल्या याला मी अधिक महत्त्व देतो. ते तुकडे संग्रहालयाच्या पेटीत गेले असते तर चिमाबुए यांची चार नगरांची योजना कायमची मोडली असती. चरित्रातील २८ प्रसंग मोठ्या अंशी बचावले होते. खालच्या चर्चलाही त्यामानाने कमी झळ लागली. २००० मध्ये बॅसिलिका आणि असिसीतील इतर फ्रान्सिस्कन स्थळे जागतिक वारशाच्या यादीत आली.

वेगळे काय करता आले असते

पहिला आणि सर्वांत गंभीर निर्णयबिंदू सकाळच्या प्रवेशाचा. मोठ्या धक्क्यानंतर येणारे धक्के सहसा लहान असतात या समजुतीवर ती पाहणी झाली असावी, आणि त्या सकाळी त्या समजुतीत कोणाला वावगे दिसले नसते. पण तो नियम नव्हे, फक्त बहुतेक वेळा येणारा अनुभव आहे. छतातून तुकडे पडले आहेत हे दिसत असताना आतली पाहणी दारातून, दुर्बिणीने किंवा लांबून घेतलेल्या छायाचित्रांनी करता आली असती. आणि आत जाणे अटळच असेल तर संख्या कमीत कमी ठेवून, भेगाळलेल्या खणांखाली न थांबता भिंतीलगत जाण्याची अट घालता आली असती. नुकसानीचा अंदाज काही दिवस उशिरा आला असता तर त्याने कोणाचे फारसे बिघडले नसते. सणाची तारीख जवळ असल्याचा दबाव त्या निर्णयात किती होता हे बाहेरून सांगणे अन्यायाचे होईल, पण असा दबाव असतो हे गृहीत धरून पाहणीचा अधिकार यजमान संस्थेबाहेरच्या कोणाकडे तरी असावा, असे सुचवावेसे वाटते.

दुसरा बिंदू छपराच्या दुरुस्तीचा, म्हणजे भूकंपाच्या कितीतरी आधीचा. जुन्या वास्तूत छपराचे काम निघते तेव्हा कंत्राटात नवे काय बसवायचे याची यादी असते. जुने काय खाली उतरवायचे याची बहुधा नसते. असिसीत चित्रांची निगा राखणारे लोक परांचीवरून छताच्या खालच्या बाजूपर्यंत अनेकदा पोहोचले होते, आणि छपराची निगा राखणारे वरच्या बाजूला. मधल्या एका विटेच्या जाडीच्या दोन बाजूंना काम करणाऱ्या या दोन खात्यांनी छताची वक्रता आणि त्यावरचा भार एकाच नकाशावर मांडला असता, तर भरावाचे ओझे कागदावरच दिसले असते.

तिसरी गोष्ट नोंदींची. जेरोम परत येऊ शकला याचे श्रेय तुकडे जोडणाऱ्यांइतकेच भूकंपापूर्वी निवांत काळात छायाचित्रे काढणाऱ्यांना आहे. मॅथ्यूच्या बाबतीत रंग काळवंडलेले असल्यामुळे नुसत्या छायाचित्रांचा आधार तोकडा पडला. पृष्ठभागाची उंचसखलता, गिलाव्याच्या एका दिवसाच्या कामाच्या हद्दी आणि भेगांचे जाळे यांचे मोजमाप आधी झाले असते, तर तुकड्याच्या कडेवरून त्याची जागा शोधण्याचा आणखी एक मार्ग मिळाला असता. ज्या वास्तूंवर अजून संकट आलेले नाही त्यांच्यासाठी हे काम आज त्रिमितीय स्कॅनरमुळे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे.

ढिगाऱ्याच्या हाताळणीबद्दलही एक नोंद. माणसे दबलेली असताना ढिगारा उपसण्याला प्राधान्य मिळालेच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण ढिगाऱ्याचा कोणता ढीग दालनाच्या कोणत्या खणातून आला एवढी खूण जरी सुटकेच्या कामात ठेवली जाते, तरी पुढची काही वर्षांची मेहनत वाचते. अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणात वारसा वास्तूंसाठी ही एक ओळ घालणे खर्चाचे नाही.

बळकटीकरणाची खरी कसोटी अजून लागलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१६ च्या ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये मध्य इटलीला पुन्हा मोठे भूकंप झाले; ३० ऑक्टोबरच्या ६.५ तीव्रतेच्या धक्क्यात नॉर्चा येथील सेंट बेनेडिक्टची बॅसिलिका दर्शनी भिंतीखेरीज जवळपास पूर्ण कोसळली, तर असिसीचे छत टिकले. परंतु नॉर्चा केंद्राच्या अगदी लगत होते आणि असिसी बरेच दूर, त्यामुळे या दोन वास्तूंची तुलना करून फासळ्यांना किंवा मिश्रधातूच्या साधनांना प्रमाणपत्र देणे घाईचे ठरेल. माळ्यावर आता भराव नाही आणि गजांच्या स्प्रिंग तपासण्यासाठी तिथे माणूस जाऊ शकतो, इतके मात्र खात्रीने म्हणता येते.